सणावारांच्या मधले फोटो

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत कुटुंबाचे फोटो साधारण दोन ठिकाणी सापडतात. सोप्याच्या भिंतीवर, जरा पुढे झुकवून टांगलेल्या लाकडी चौकटींत, आणि कपाटात साड्यांच्या घड्यांखाली ठेवलेल्या लग्नाच्या अल्बममध्ये. भिंतीवर फेटा बांधलेले पणजोबा, त्यांच्या खुर्चीमागे पदर सावरून उभी पणजी, लष्करातले चुलते, झगा घातलेला घरातला पहिला पदवीधर. अल्बममध्ये हळद, अंतरपाट, सप्तपदी, पंगत आणि पाठवणी. एवढ्यावरून एखाद्या परक्याने अंदाज बांधायचा म्हटलं, तर या घरातली माणसं एकतर लग्नं लावत होती, नाहीतर खुर्चीत ताठ बसून होती, असंच त्याला वाटेल. परड्यात म्हशीची धार चालू असताना वाटी घेऊन ताटकळणारं पोर, दुपारची जेवणं उरकल्यावर जावाजावांमध्ये पिकलेला हशा, पत्रा गळायला लागला की पातेली मांडत धावणारं सगळं घर, यातलं काहीच त्या चौकटींत नाही. घर ज्याच्यावर चालतं तो आनंद फोटोबाहेरच राहिला. त्याला कारणं होती: खर्च, यंत्राच्या मर्यादा आणि रीत. पहिली दोन आता उरलेली नाहीत. तिसरी मात्र मोबाइलमध्येही मुक्कामाला आहे.

छायाचित्रणाचं तंत्र युरोपात १८३९ मध्ये जाहीर झालं आणि पाठोपाठ कॅमेरे भारतात येऊन पोहोचले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्यात माणूस हलला की चेहरा पुसट येई, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावून बसवण्याची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार मिळणाऱ्या कोरड्या काचा आल्या, लागणारा वेळ सेकंदाच्या अंशावर आला, पण ताठ बसणं सुटलं नाही.

कारण तोवर फोटो हा एक विधी झाला होता. तालुक्याच्या गावी स्टुडिओ असे. खांब, जिना आणि बाग रंगवलेला पडदा, फुलदाणी ठेवलेलं तिवईसारखं टेबल, वेळप्रसंगी स्टुडिओचाच कोट. ‘हलू नका’ हा तिथला एकमेव मंत्र. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, अशी समजूतही खेडोपाडी होती, त्यामुळे कित्येक आज्या-पणज्यांचा उभ्या जन्मात एकच फोटो निघाला, तोही घोळक्यातला. आणि त्या वारल्यावर त्यातूनच चेहरा कापून, मोठा करून, हाताने रंगवून भिंतीवर लावला गेला. पुढच्या पिढ्यांपुढे जायचं तर गंभीर होऊनच जावं, हा संकेत इतका पक्का होता की हसरा चेहरा आलेला फोटो ‘बिघडला’ असंच म्हटलं जाई.

या भागात एक अपवाद ठळक आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. १९३८ मध्ये औंधला उभं राहिलेलं श्री भवानी संग्रहालय त्यांच्या कलासंग्रहाचं. सूर्यनमस्कारांचा त्यांनी हयातभर प्रचार केला, त्यावर पुस्तकं लिहिली आणि ती छायाचित्रांनी सजवली. राजा म्हटल्यावर सिंहासन, तलवार आणि शिरपेच अशा फोटोंची सवय असलेल्या काळात व्यायाम करतानाचा राजा छापला जाणं ही साधी गोष्ट नव्हती. हेतू प्रचाराचा होता हे खरं. तरी सकाळचं नित्यकर्म हे छायाचित्राचा विषय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं. त्याच संस्थानाच्या हद्दीत, आजच्या सांगली जिल्ह्यात, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक काढलं. शंकरराव हेही हाडाचे चित्रकार. बाईचं घरातलं रोजचं जगणं छापण्याजोगं आहे, हे मराठी वाचकांच्या गळी उतरवण्यात या मासिकांचा वाटा मोठा आहे.

सातारा जिल्ह्यातल्या लष्करी परंपरेच्या गावांत फोटोची गरज आणखी वेगळी होती. अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. अशा गावांत घरटी एखादा तरी फोटो गणवेशातला. सुटीवर आलेला शिपाई परत जाण्याआधी बायकोमुलांना घेऊन स्टुडिओत जाई. एक प्रत घरी राही, एक त्याच्या ट्रंकेत. हा फोटो आनंदासाठी नव्हता, धीरासाठी होता. पण अशा फोटोंतही कधी कधी बापाच्या मांडीवरच्या पोराने त्याचं मेडल मुठीत धरलेलं असतं, आणि नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. जे ठरवून बसवलेलं नाही तेच जिवंत वाटतं, याचा हा जुना पुरावा.

कॅमेरा घरात आला तो बऱ्याच उशिरा. अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८८ मध्ये रोलचा कोडॅक आणि १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आणून मुलांच्या हाती कॅमेरा दिला. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांना परवडला तो बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. त्याच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी रोलही बाजारात होता. १९८० च्या दशकात हॉट शॉट कॅमेरा आला, मग शहरोशहरी रंगीत फोटोंच्या लॅब झाल्या आणि ३६ फोटोंचा रोल रूढ झाला. तरी हिशेब सुटला नव्हता. गणपतीत भरलेला रोल दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. मधेच कोणी दारातल्या वासराचा फोटो काढला की ‘रोल वाया घालवू नको’ हे ऐकावं लागे. धुवायला टाकलेला रोल पंधरवड्याने हाती येई आणि त्यातले चार काळे निघत. एवढ्या महागाईच्या वस्तूवर रोजची भाकरी कोण टिपणार? बारसं, जावळ, सहल आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्याकाठचा घोड्यावरचा फोटो, एवढ्यात रोल संपे.

मोबाइलमधला कॅमेरा आणि २०१६ नंतर स्वस्त झालेलं इंटरनेट यांनी हा हिशेब मोडला. आता एका रविवारी घरात जितके फोटो निघतात तितके आजोबांच्या साऱ्या आयुष्यात निघाले नव्हते. तरी निघतात कशाचे, ते पाहिलं तर रीत अजून तीच. केक कापताना, नवी गाडी पूजताना, लग्नात व्यासपीठावर आहेर देताना. रांग लावायची, ‘इकडं बघा’ म्हणायचं, संपलं. भर पडली आहे ती दोन गोष्टींची. एक म्हणजे लग्नाआधीचं शूट; त्यासाठी कासचं पठार, मेणवलीचा घाट अशी ठिकाणं ठरून गेली आहेत. दुसरी म्हणजे चौकातला फ्लेक्स. दोन वर्षांच्या बाळाच्या वाढदिवसाला त्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवून, खाली शुभेच्छुकांच्या पन्नास चेहऱ्यांची माळ लावून जो फलक झळकतो, तो कौटुंबिक आनंदाचा खरोखरच एक नवा प्रकार म्हणावा लागेल. त्यात बाळाचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा.

रोजचा दिवस टिपण्याजोगा वाटत नाही, याचं एक कारण माणसाच्या अंदाजात आहे. टिंग झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांकडून सुटीच्या सुरुवातीला साध्यासुध्या गोष्टींची नोंद करून घेतली: नुकतंच झालेलं बोलणं, ऐकत असलेली गाणी, चाललेला अभ्यास. तीन महिन्यांनी हे पुन्हा वाचायला कितपत आवडेल, तेही आधीच विचारून ठेवलं. प्रत्यक्षात वाचताना त्यांना अंदाजापेक्षा कितीतरी जास्त गंमत वाटली. आणखी एका प्रयोगात जोडीदार असलेल्यांनी व्हॅलेंटाइन डेची आणि एका सामान्य दिवसाची अशा दोन नोंदी केल्या. अंदाज चुकला तो सामान्य दिवसाच्या बाबतीत. खास दिवस लक्षात राहणार हे माहीत असतं, तो राहतोही. साधा दिवस मात्र विसरून जातो, म्हणूनच तो पुन्हा समोर आला की नवा होऊन येतो.

घरातल्या साध्या आनंदाची नोंद ठेवायची ओढ आपल्याकडे नव्हती असं नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये बायकांनी तेच केलं: रांगणारं बाळ, वाटेवर दिसलेला भाऊ, लेकीच्या पायातलं पैंजण. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्रीजीवन’मध्ये जमवल्या, पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. राजे-लढाया सोडून घरातलं रोजचं सुखदुःख जपून ठेवणारं एवढं मोठं दप्तर दुसरं नाही. जाती थांबली आणि ती नोंद करणारी जागा रिकामी झाली.

या दोन जिल्ह्यांत टिपण्याजोगं काय आहे, याची यादी ऋतूच हाती देतो. थंडी सरताना सांगलीच्या बाजूला हळद निघते. शिजवलेल्या हळदीची वाफ, पिवळे झालेले हात, वाळवणावर राखण करत बसलेले आजोबा. तासगाव-कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडवर जाळ्या भरताना आईबरोबर आलेली मुलं. गुऱ्हाळावर काकवीच्या वाटीवरून भांडणारी भावंडं. बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग लावताना निम्मा रंग स्वतःला लावून घेतलेला नातू. नवरात्रात कडाकण्या लाटताना होणारी खवय्यांची घुसखोरी. श्रावणात शाळा सुटल्यावर कोरेगावच्या किंवा कराडच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत, एका छत्रीत तिघी. यातल्या कशालाही आमंत्रणपत्रिका नसते, म्हणून कोणी कॅमेरा बाहेर काढत नाही.

उन्हाळ्यातल्या कुरडयांचा दिवस घेतला तर काम कसं करावं ते नीट दिसतं. गहू तीन दिवस भिजलेला असतो, रोज पाणी बदललेलं असतं, वाटून-गाळून चीक रात्रभर बसलेला असतो. ऊन चढायच्या आत घालून व्हाव्यात म्हणून बायका उजाडायच्या आधीच चुलीपाशी असतात. पातेल्यात चीक घोटायला दोघी लागतात. एक धरते, एक लाटण्याने किंवा काठीने ढवळते. फोटोची पहिली वेळ ही. चुलीचा जाळ खालून चेहऱ्यावर येतो, बाहेर नुकतं फटफटतं. इथे फ्लॅश लावला की जाळही जातो आणि वाफही. भिंतीवर नुसत्या काळ्या सावल्या पडतात. फ्लॅश बंद ठेवून, कोपर गुडघ्यावर टेकवून मोबाइल स्थिर धरला तर पुरतं. त्याआधी भिंगावर ओढणीचं किंवा शर्टाचं स्वच्छ टोक फिरवायचं. स्वयंपाकघरात वापरलेल्या मोबाइलच्या भिंगावर तेलकट थर असतोच, आणि ‘फोटो धुरकट येतो’ या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथे असतं.

दुसरी वेळ चीक शिजल्यावरची. सोऱ्यात भरण्याआधी एकेका वाटीत गरम चीक, त्यावर तूप-साखर किंवा नुसतं दूध, आणि रांगेत बसलेली पोरं. उभ्याने काढलेल्या फोटोत पोरांची डोकी तेवढी दिसतात. जमिनीवर बसून, मोबाइल वाटीच्या उंचीला आणला की वाटी, फुंकर आणि डोळे एका चौकटीत येतात. तिसरी वेळ गच्चीवरची. जुन्या धुतलेल्या साडीवर ओळीने पडत जाणाऱ्या पांढऱ्या कुरडया. आठ वाजेपर्यंत ऊन तिरपं असतं, प्रत्येक कुरडईला सावली असते, हातांच्या शिरा दिसतात. दहानंतर सगळं पांढरंफेक. चौथी वेळ कोणाच्या ध्यानात येत नाही: काम उरकल्यावर, भिंतीच्या सावलीत पाय पसरून, कपाळाचा घाम पदराने टिपत चहा पिणाऱ्या बायका, आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसवलेलं व तिथेच झोपी गेलेलं पोर. अनुभव असा की अशा दिवसाचा सगळ्यात जपला जाणारा फोटो हा शेवटचा असतो.

या साऱ्यात कोणालाही ‘इकडं बघ’ म्हणायचं नाही, ही एकच अट पाळली तरी पुष्कळ साधतं. नाव घेऊन हाक मारली की माणूस कामातून बाहेर येतो आणि फोटोसाठी म्हणून राखलेला चेहरा चढवतो. शिवाय मागची भांडी, दोरीवरचे कपडे, फळीवरचे डबे चौकटीतून काढायची धडपड करू नये. वीस वर्षांनी डोळे तिथेच रेंगाळतात. भिंतीवर ‘कालनिर्णय’ असेल तर तो मुद्दाम आत घ्यावा. महिना आणि वर्ष त्याने आपोआप नोंदवलं जातं. कोयना धरणाच्या शिवसागराखाली जी गावं गेली, तिथल्या घरांचे फोटो क्वचितच कोणाकडे आहेत. त्या काळी गावात कॅमेराच नव्हता. दार कसं होतं, चूल कुठे होती, हे विस्थापितांच्या घरांत आता फक्त सांगण्यावर आहे. पाडून नवं बांधायचं ठरलेल्या जुन्या घराचे फोटो काढताना म्हणूनच नुसता दर्शनी भाग पुरत नाही. उंबरा, जातं, माजघराचा अंधार, न्हाणीघराचा दगड हे सगळं माणसांसकट यायला हवं.

फोटो काढण्याच्या नादात प्रसंगच हातचा जातो, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची तपासणीही झालेली आहे. लिंडा हेंकेल यांनी अमेरिकेतल्या एका वस्तुसंग्रहालयात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. पण एखाद्या तपशिलावर झूम करून, तो जवळ आणून फोटो काढला तेव्हा ही घट झाली नाही. क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बराश यांच्या २०१६ च्या अभ्यासात, फोटो काढणारे प्रसंगात अधिक गुंततात आणि बहुतेक वेळा त्यांना तो अधिक आवडतो, असं आढळलं. मात्र जिथे माणूस आधीच हाताने काम करत असतो तिथे हा फायदा मिळत नाही. याच चमूतल्या संशोधकांनी पुढे दाखवलं की फोटो इतरांना दाखवण्याच्या इराद्याने काढला की मजा कमी होते, कारण आपण कसे दिसू याची चिंता शिरते. तिन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर घरापुरता नियम सोपा निघतो. चार-पाच फोटो काढावेत, जवळून काढावेत, स्वतःसाठी काढावेत, आणि मोबाइल खिशात टाकून सोऱ्या फिरवायला बसावं.

घरच्या फोटोंत एक माणूस हटकून गायब असतं. पूर्वी वडील कॅमेरा हाताळत, म्हणून वडील नसत. आता आई फोटो काढते किंवा चुलीपाशी असते, म्हणून आई नसते. दहा वर्षांच्या मुलांचे फोटो चाळले तर आईचा हात, आईचा पदर, आईची सावली सापडते, चेहरा सापडत नाही. त्याला उपाय एवढाच की मोबाइल मुलांच्या हाती द्यावा. मुलांची उंची कमी, भीड नाही आणि नजर ताजी असते. फ्रान्समधल्या झाक-आंरी लार्तिग यांना वडिलांनी १९०२ च्या सुमारास कॅमेरा दिला, तेव्हा ते जेमतेम आठ वर्षांचे होते. उड्या मारणारी भावंडं, पाण्यात पडणारे काका, घरगुती विमानाचे फसलेले प्रयोग असं सगळं ते टिपत गेले, आणि शंभराहून अधिक अल्बम भरले. जगाने त्यांची दखल घेतली ती १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनानंतर. बहुतेक सगळा ऐवज मात्र घरच्यांसाठीच काढलेला होता.

आवडीनिवडीचा मान ठेवणं हेही या कामात येतं. घरातल्या नेसत्या लुगड्यात फोटो नको असं आजी म्हणाली तर नको. न्हाणाऱ्या लेकराचा, रुसून बसलेल्या मुलीचा फोटो घरात राहिला तर गंमत, नातेवाइकांच्या दीडशे जणांच्या ग्रुपवर गेला तर त्यांची फजिती. शाळेचं नाव असलेला गणवेश आणि घराचा पत्ता दिसणारे फोटो बाहेर न पाठवणंच शहाणपणाचं.

तरी दूर असलेल्यांसाठी फोटो पाठवणं ही या भागाची खरी गरज आहे. खानापूर-आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभराच्या पेठांत पांगली आहेत. साताऱ्याची माथाडी कामगार मंडळी नवी मुंबईत, मुलगे सीमेवर. यात्रेला आणि लग्नाला सगळे गावी येतात, तेव्हाचे फोटो सगळ्यांकडे असतातच. परगावच्या माणसाला चुटपुट लागते ती मधल्या दिवसांची: शेवग्याला किती शेंगा लागल्या, बाबांनी नवा चष्मा घेतला तो कसा दिसतो, धाकटी सायकल शिकली का. पूर्वी आंतरदेशीय पत्रात हे दोन ओळींत येई. आता एक फोटो आणि खाली एक वाक्य, एवढ्यात तेच काम होतं. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांपेक्षा त्याची किंमत कितीतरी अधिक.

काढलेले फोटो टिकवणं हा मात्र वेगळाच खटाटोप, आणि इथे आजची पिढी आजोबांपेक्षा मागे आहे. चांगला धुतलेला कृष्णधवल फोटो शंभर वर्षं टिकतो. १९७०-८० च्या रंगीत फोटोंचे रंग उडून ते तांबूस होत चालले आहेत. आणि मोबाइलमधले दहा हजार फोटो मोबाइल हौदात पडला की त्याच क्षणी जातात. महिन्याअखेरी अर्धा तास बसून नकोसे फोटो पुसावेत आणि महिन्याचे दहा-बारा निवडून वेगळे ठेवावेत. निवड झाली नाही तर ढीग होतो, आणि ढीग कोणी पाहत नाही. निवडलेल्यांच्या तीन प्रती हव्यात: एक मोबाइलमध्ये किंवा संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो आणि त्याच्यासोबतची तारीख-वेळेची नोंदही जाते. मूळ प्रत हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

त्यातले वर्षाकाठी पन्नास-साठ फोटो कागदावर यावेत. अल्बमच हवा, कारण तो मांडीवर घेऊन चौघांना एकदम पाहता येतो आणि पाहताना गोष्टी निघतात. १९८०-९० च्या काळातले चिकट पानांचे अल्बम मात्र फोटोंचे वैरी आहेत. त्यातला गोंद पिवळा पडून फोटो खातो. असे फोटो ओढून न काढता मागून बारीक, मजबूत दोरा सरकवून सोडवावेत. मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेन दाबून नव्हे. आणि नावं पूर्ण लिहायची: ‘आजी, मामी, मी’ हे लिहिणाऱ्यापुरतं, नातवाला त्यातून काही कळत नाही. कोणाची कोण, गाव कोणतं, साल कोणतं, आणि तेव्हा काय चाललं होतं त्याची एक ओळ. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ याच तत्त्वावर उभा आहे: घरातला जुना फोटो आणि त्यामागची हकीकत दोन्ही सोबत आली, तरच तो फोटो इतिहासाच्या कामाचा.

जुने फोटो मोबाइलने उतरवून घ्यायचे तर खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल फोटोला समांतर धरून. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो असेल तर स्कॅनरवर ६०० डीपीआयने घेतल्यास पुढे मोठा करता येतो. हे करताना घरातलं सगळ्यात वयस्क माणूस शेजारी बसवावं आणि त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. ‘ही कोण?’ या प्रश्नाचं उत्तर देणारे दरवर्षी कमी होत जातात.

सांगलीकरांना याची निकड वेगळी सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत शहरात ते पुन्हा शिरलं. पूर ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाद्या आणि कपाटांसोबत अल्बमही रस्त्याकडेला टाकले गेले. त्यातले पुष्कळ वाचवता आले असते. पाण्यात भिजलेले स्टुडिओचे किंवा लॅबचे फोटो वाळण्याआधी वेगळे करायचे असतात, कारण वाळले की ते एकमेकांना कायमचे चिकटतात. ओले असतानाच चिकटले असतील तर स्वच्छ, गार पाण्यात बुडवून हलके सुटू द्यावेत. चिखल बोटाने न पुसता पाण्यानेच जाऊ द्यावा. मग धुतलेल्या सुती कापडावर, चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत आणि वाऱ्यावर वाळवावेत. कडक ऊन आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढे सवडीने काम करता येतं. चौकटीतला फोटो वाळून काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये, काचेसकटच त्याचा फोटो घ्यावा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात बुडवू नयेत, त्यांची शाई सुटते.

पाणी येण्याआधीची तयारी याहून सोपी आहे. अल्बम आणि निगेटिव्ह घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवायचे, भिंतीवरच्या चौकटींचे फोटो एकदा मोबाइलने उतरवायचे आणि एक प्रत परगावी धाडायची. एका दुपारचं काम आहे. कृष्णा-वारणाकाठच्या घरांनी ते मे महिन्यात, कुरडया घालून झाल्या की उरकून घ्यावं.